नवी गाडी घेतली? आधी हातातलं ते फडकं खाली ठेवा

दसऱ्याला गाडी घेतली, काळी. घरातले सगळे पांढरी घे म्हणून मागं लागले होते, दाजी तर म्हणले जालन्यात राहून काळी गाडी घेऊ राहिला म्हणजे तुला दुसरा काही कामधंदा नाही, पण मला काळीच पाहिजे होती. शोरूममधून निघालो, पेढे वाटले, अन् संध्याकाळी पेट्रोल पंपावर थांबलो तर वरच्या पांढऱ्या लाईटखाली बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक बारीक गोल रेघा. गाडी चालली होती एकूण अकरा किलोमीटर. रेघा आल्या कुठून? तर डिलिव्हरीच्या आधी एक पोरगं तिला चमकवायला म्हणून ओल्या फडक्यानं पुसत होतं, त्याच फडक्यानं त्यानं आधी चाकं पुसलेली. मी शेजारी उभा राहून बघत होतो, वरून त्याला पन्नास रुपये पण दिले.

तेव्हापासून या नादाला लागलो. थोडं वाचून, थोडं विचारून अन् बरंचसं स्वतःच्या गाडीवर चुका करून जे कळलं ते लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे: पेंट उन्हानं खराब होतो, पण त्याच्यापेक्षा जास्त आपण गाडी "साफ" करताना खराब करतो. साधी धूळ नुसती बसून राहिली तर फारसं काही करत नाही, ती फडक्याखाली घासली की रेघ मारते. म्हणून पेंटवर चढवायच्या कोटिंगला किती पैसे घालायचे हा प्रश्न नंतरचा, गाडीला हात कसा अन् किती वेळा लावायचा हा पहिला.

पेंट असतो तरी किती जाड

पत्र्यावर आधी फॉस्फेटचा थर देतात, मग गाडीची अख्खी बॉडी टाकीत बुडवून करंटच्या जोरावर बसवलेला ईडी कोट, त्यावर प्रायमर, त्यावर रंग म्हणजे बेस कोट, अन् सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतं, त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन असतो, म्हणजे तुमच्या गाडीची सगळी चमक, उन्हापासूनचं सगळं संरक्षण अर्ध्या-पाऊण केसाएवढ्या थरात आहे. रेघा दिसतात त्या बहुतेक या क्लिअरमध्येच असतात. अन् त्या "काढणं" म्हणजे आजूबाजूचा क्लिअर घासून रेघेच्या तळापर्यंत खाली आणणं, दुसरं काही नाही. म्हणून पॉलिश ही हौसेनं दरवर्षी करायची गोष्ट नाही, हा थर परत वाढत नाही.

नखाची एक साधी टेस्ट आहे. रेघेवरून आडवं नख हळू फिरवा, अडकलं नाही तर क्लिअरमधली वरवरची आहे, पॉलिशनं निघू शकते. नख अडकलं तर खोल आहे, तिच्या मागं लागून क्लिअर संपवू नका.

काही जण सांगतात नवीन गाडीचा पेंट तीन महिने "श्वास घेतो", तोवर वॅक्स किंवा कोटिंग करू नका. फॅक्टरीत पेंट १३०-१४० डिग्रीच्या ओव्हनमध्ये भाजून निघतो, गाडी तुमच्याकडं येते तेव्हा तो पूर्ण पक्का झालेला असतो. ही थांबायची गोष्ट खरी आहे ती गॅरेजमध्ये ठोकून परत रंगवलेल्या पॅनलला, कारण तिथं पेंट कमी गरमीत वाळवतात. नवीन गाडीला पहिल्याच आठवड्यात प्रोटेक्शन देता येतं, अन् तेव्हाच द्यावं.

शोरूममध्येच निम्मं काम

बुकिंग करतानाच सेल्सवाल्याला सांगा, अन् डिलिव्हरीच्या दोन दिवस आधी परत फोन करून सांगा, की गाडी धुवायची नाही, पुसायची नाही, पॉलिश तर मुळीच नाही, धूळ आहे तशी द्या. तो हसेल. हसू द्या. शक्य असेल तर व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा कारण सांगितलेलं धुलाईवाल्या पोरापर्यंत पोचत नाही. मुहूर्ताच्या दिवशी म्हणजे दसरा, पाडवा, धनतेरसला एकेका शोरूममध्ये रांगेनं डिलिव्हऱ्या असतात, त्या दिवशी एकाच बादलीत एकच फडकं सगळ्या गाड्यांवर फिरतं. जमलं तर गाडी आदल्या दिवशी सावकाश बघून घ्या अन् मुहूर्ताला नुसती चावी घ्या.

बघायची ती उन्हात बघा, शोरूमच्या आत सगळ्याच गाड्या सुंदर दिसतात. मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बोनेट, टप, डिकी अन् चारी दारं बघा. दोन पॅनलचा रंग किंचित वेगळा वाटतोय का, रबराच्या बीडिंगवर रंगाचे शिंतोडे आहेत का, दाराच्या कडेला खडबडीत लागतंय का, असं काही असलं तर ट्रान्सपोर्टमध्ये लागून तो भाग परत रंगवलेला असू शकतो. ओळखीच्या डिटेलिंगवाल्याकडं, म्हणजे गाड्यांची सफाई-पॉलिश-कोटिंग करणाऱ्याकडं, पेंटची जाडी मोजायचं मशीन असतं, ते नेता आलं तर बेस्टच, एखादा पॅनल बाकीच्यांपेक्षा दुपटीनं जाड दाखवत असेल तर सही करायच्या आधी विचारा.

मग पूजा. पूजा करायचीच, त्यात वाद नाही. फक्त स्वस्तिक बोनेटवर काढण्याऐवजी समोरच्या काचेच्या कोपऱ्यात नाहीतर नंबर प्लेटवर काढा, काचेला हळदी-कुंकवानं काही होत नाही. बोनेटवर ओलं कुंकू तसंच उन्हात वाळलं की डाग धरतं, अन् आमच्या आत्यानं स्वस्तिक काढताना हाताला अक्षता चिकटलेल्या होत्या त्या रेघांचं मी पुढं वर्षभर दर्शन घेतलं. हाराला तार असते, तो बांधून गाडी पळवली की वाऱ्यानं हार तारेसकट बोनेटवर आपटत राहतो, म्हणून घरी निघायच्या आधी काढून डॅशबोर्डवर ठेवा. रिबिनीचा बो चिकटपट्टीनं लावू देऊ नका.

अन् ते "टेफ्लॉन कोटिंग", जे बिलात आधीच घालून ठेवलेलं असतं. तव्यावरचं टेफ्लॉन बसवायला तीनशे डिग्रीच्या वर तापवावं लागतं, गाडीचा पेंट तेवढ्यात जळून जाईल, म्हणजे शोरूमच्या मागच्या शेडमध्ये तासाभरात जे लागतं ते फारतर एक बरं पॉलिश किंवा सीलंट (वॅक्ससारखंच वरून लावायचं कृत्रिम संरक्षण) असतं, चार-सहा महिन्यांत उतरणारं. खरा धोका पैशाचा नाही, ते लावायच्या आधी नव्या गाडीवर घाईघाईत मशीन फिरवतात त्याचा आहे. नको म्हणा, अन् बिलातून काढायला लावा.

आपल्याकडचा खरा दुश्मन: बोअरचं पाणी

कूलरच्या गवतावर अन् जाळीवर उन्हाळाभरात जो पांढरा कडक थर बसतो ना, तोच थर गाडीवर बसतो, थेंबाथेंबानं. आपल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर, पाणी उडून जातं अन् क्षार पेंटवर राहतात, वरून ऊन लागलं की ते पेंटला धरून बसतात. उन्हाळ्यात दुपारी काळं बोनेट हात ठेवता येणार नाही एवढं तापतं, त्यावर बोअरचं पाणी मारणं म्हणजे डाग भाजून बसवणंच. म्हणून गाडी धुवायची ती सकाळी उन्ह यायच्या आधी किंवा दिवस मावळल्यावर, सावलीत, अन् बोनेट हाताला गार लागल्यावरच.

दुसरं, लई जण पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओचं वेस्ट पाणी साठवून त्यानं गाडी धुतात. भावना चांगली आहे पण हे पाणी बोअरच्या पाण्यापेक्षाही वाईट, कारण आरओनं काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात जातात. ते फरशी पुसायला वापरा, पायदानं धुवा, गाडीच्या पेंटवर नको. चांगलं पाणी पाहिजे तर एसीच्या नळीतून ठिबकणारं साठवा, त्यात क्षार जवळजवळ नसतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं हवाच कोरडी असते म्हणून ते कमी निघतं, जून-जुलैत दमट हवेत बादली भरते. पावसाळ्यात पहिले एक-दोन पाऊस जाऊ देऊन स्लॅबवरचं पाणी धरलं तर तेही उत्तम. सगळी गाडी धुवायला एवढं पाणी लागत नाही, शेवटची धार फक्त याची, पाच-सात लिटर पुरतं.

डाग पडलेच तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसात पांढरं व्हिनेगर अन् आरओचं प्यायचं पाणी निम्मं-निम्मं करून मायक्रोफायबरचा, म्हणजे बारीक मऊ धाग्यांचा, तुकडा ओला करा, डागावर मिनिटभर ठेवा, घासायचं नाही, उचला अन् पाणी मारा. महिनाभर जुने डाग मात्र पेंटमध्ये खड्डा पाडून बसतात, ते मग पॉलिशचं काम.

धुवायची कशी

सामान थोडं लागतं पण बरोबर लागतं. दोन बादल्या, बादलीच्या तळाला ठेवायची जाळी म्हणजे खाली बसलेली माती परत वर येत नाही, पीएच न्यूट्रल (ना आम्ल ना अल्कली) कार शाम्पू, मायक्रोफायबरचा मऊ वॉश मिट म्हणजे हातात घालून धुवायचा मोजा, पुसायला एक मोठा जाड टॉवेल, हजार जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) आसपासचा, अन् चाकांसाठी वेगळा ब्रश, वेगळं कापड. स्पंज नको, स्पंजच्या सपाट तोंडावर खडा अडकून बसतो अन् तो तुम्ही गाडीभर फिरवता, मिटच्या लांब धाग्यांत तो आत जातो. कपड्याचा साबण, भांड्याचा साबण नको, वॅक्स धुऊन नेतो. अन् डिझेल नको! आपल्याकडं जीपवाले चमक यावी म्हणून डिझेलचं फडकं मारतात, दोन तास लखलख दिसतं अन् मग त्या तेलकटपणावर तालुक्याची धूळ येऊन बसते.

आधी चाकं, कारण ती सगळ्यात घाण. मग नुसतं पाणी, वरून खाली, भरपूर. घरचं प्रेशर मशीन असेल तर फूट-दीड फूट लांबून. काळ्या मातीचा चिखल असेल तर घाई करू नका, शेतात जाऊन आलेल्या गाडीच्या मडगार्डात, दाराच्या खाली ही माती वाळून सिमेंटसारखी होते, ती ओढून काढायला गेलात की तिच्यातला मुरूम रेघा मारतो. पाणी मारा, दहा मिनिटं भिजू द्या, परत मारा, आपोआप सुटते. त्यानंतर शाम्पूचा फोम म्हणजे दाट फेस मारून चार-पाच मिनिटं, वाळायच्या आत धुऊन टाका. आत्तापर्यंत गाडीला हात लावलेला नाही अन् निम्म्याहून जास्त घाण गेलेली आहे, हाच मुद्दा आहे.

आता एका बादलीत शाम्पू, दुसऱ्यात साधं पाणी. मिट शाम्पूत बुडवा, टप धुवा, मग साध्या पाण्यात पिळा, परत शाम्पूत. टप, काचा, बोनेट, डिकी, दारांचा वरचा भाग, अन् दारांचा खालचा भाग अन् बंपर सगळ्यात शेवटी. हात सरळ रेषेत चालवा, गोल नको, जोर तर मुळीच नको, मिटच्या वजनानंच धुतलं जातं. मिट खाली पडला? तो आता धुवायला गेला, दुसरा घ्या. हे मी कितीही सांगितलं तरी पहिल्यांदा तुम्ही झटकून परत वापरणार, मी पण वापरला होता.

पुसताना टॉवेल पॅनलवर पसरा अन् अलगद ओढा, किंवा टेकवून उचला. आरशांच्या मागं, दाराच्या हँडलमध्ये, नंबर प्लेटमागं पाणी दडून बसतं अन् गाडी चालू केली की ओघळ येतात, तिथं ब्लोअर असेल तर मारा.

बादलीभर पाण्यात गाडी

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे आपल्या पिढीनं डोळ्यानं बघितलंय. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, उन्हाळ्यात टँकर. अशात गल्लीत पाइप धरून गाडी धुवायला लाज वाटते, वाटायलाच पाहिजे. पाइपनं धुतलं तर शे-दीडशे लिटर सहज जातं.

त्यासाठी रिन्सलेस वॉश नावाचं लिक्विड मिळतं. आठ-दहा लिटर पाण्यात बाटलीवर लिहिलेल्या मापानं टाकायचं, नंतर धुवायची गरज नाही. त्यातलं केमिकल धुळीच्या कणाला वेढून घेतं अन् पेंटवरून घसरवतं. तेच पाणी थोडं स्प्रे बाटलीत भरा, एका पॅनलवर भरपूर मारा, दोन मिनिटं थांबा. मायक्रोफायबरचे सात-आठ तुकडे बादलीत भिजत ठेवा, एक घ्या, चार घड्या घाला, एका बाजूनं एकदाच सरळ ओढा, बाजू पलटा, पुढचा पट्टा. सगळ्या बाजू संपल्या की तो तुकडा बाजूला, बादलीत परत नाही. लगेच कोरड्या टॉवेलनं पुसून घ्या. एका बादलीत सेडान आरामात होते. दर आठवड्याच्या साध्या धुळीला हे पुरतं. चिखल लागलेल्या गाडीला मात्र हे चालत नाही, आधी चिखल पाण्यानं उतरवावाच लागतो, तेवढ्या पाण्याला इलाज नाही.

दाजी एकदा सकाळी आले, मी बादली घेऊन बोनेटचा एकेक पट्टा पुसत होतो. म्हणले, "काहून रे, गाडी धुऊ राहिला का तान्ह्या लेकराला न्हाऊ घालू राहिला?" महिन्याभरानं त्यांच्या पांढऱ्या गाडीवर तांबूस ठिपके दिसायला लागले तेव्हा माझ्याकडंच आले.

तांबूस ठिपके

हे जालनेकरांनी नीट वाचा. आपल्या एमआयडीसीत सळईचे कारखाने, भट्ट्या, दिवसरात्र लोखंड वितळतंय, कापलं जातंय. हवेत लोखंडाचे डोळ्याला न दिसणारे कण असतात, ते गरम पेंटवर येऊन रुततात अन् दव पडलं की गंजतात. पांढऱ्या गाडीवर ते तांबूस ठिपके दिसतात, लोक म्हणतात पत्रा गंजला, कंपनीनं फसवलं. पत्रा गंजलेला नसतो, वरून आलेलं लोखंड गंजलेलं असतं. काळ्या गाडीवर दिसत नाहीत पण असतात. कारखान्याजवळ राहत नसाल तरी सुटका नाही, ब्रेक पॅडची पूड असतेच, अन् नवी गाडी रेल्वेनं आली असेल तर रुळांची पण.

ओळखायचं कसं? गाडी धुऊन वाळल्यावर हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घाला अन् बोनेटवरून बोटं अलगद फिरवा. पिशवीतून बारीक खरखर एकदम मोठी जाणवते. गुळगुळीत लागलं तर हा सगळा भाग सोडून पुढं जा, गरज नसताना काही करायचं नाही.

खरखर असेल तर आयर्न रिमूव्हर. धुतलेल्या, गार, सावलीतल्या गाडीवर मारा, तीन ते पाच मिनिटात लोखंडाशी रिॲक्शन होऊन जांभळे ओघळ यायला लागतात, दाजींच्या गाडीवरून तर जांभळाचा रस ओतल्यासारखे आले, आमची आई घाबरली. वास सडक्या अंड्यासारखा येतो, हातमोजे घाला, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. वाळू द्यायचं नाही, वाळायच्या आत भरपूर पाण्यानं धुवायचं.

त्यानंतरही खरखर राहिली तर क्ले बार, म्हणजे मऊ मातीसारखा गोळा. कार शाम्पूचं पाणी किंवा क्लेचं ल्युब (घसरण द्यायचं लिक्विड) भरपूर मारायचं, क्ले चपटा करून बोटाखाली सरळ रेषेत सरकवायचा, आवाज बंद झाला की तो भाग झाला. क्लेमध्ये घाण दिसली की घडी घालून स्वच्छ बाजू वर. खाली पडला तर फेकून द्या, खरंच फेका, पाच-सहाशे रुपयांचा मोह करू नका. काळ्या गाडीवर क्लेनं स्वतःच्या हलक्या रेघा येऊ शकतात, म्हणून मी नव्या गाडीवर तो अगदी गरज असेल तरच म्हणतो.

पॉलिशचं थोडक्यात. शोरूमनं रेघा दिलेल्या असतील अन् त्या सहन होत नसतील तर एकदाच, कोटिंगच्या आधी, डीए मशीन (पॅड गोल फिरता फिरता डुलतं ते), मऊ फोम पॅड अन् सगळ्यात सौम्य फिनिशिंग पॉलिश. दीड फुटाच्या तुकड्यावर आधी करून बघा, ऐंशी टक्के रेघा गेल्या की थांबा. गोल फिरणारं रोटरी मशीन नवशिक्यानं धरू नये, कडेवर दोन सेकंद जास्त थांबलं की क्लिअर गेला. डिटेलिंग स्टुडिओत देत असाल तर आधी विचारा की कंपाउंड म्हणजे जास्त घासणारं पॉलिश करणार का, "सगळ्याच गाड्यांना करतो" असं उत्तर आलं तर चहा पिऊन परत या.

वर काय लावायचं

वॅक्स आपल्या उन्हात फार टिकत नाही, दीड-दोन महिने. सिंथेटिक सीलंट चार-सहा महिने जातो, लावायला सोपा, चूक झाली तरी पुसता येते, म्हणून स्वतः करणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी. गाडी धुऊन कोरडी, फोम पॅडवर रुपयाएवढं सीलंट, एका पॅनलवर इतकं पातळ पसरा की जेमतेम दिसेल, बाटलीवरच्या वेळेइतकं थांबून बोट फिरवून बघा, बोटाखाली स्वच्छ निघालं की पुसा. जाड लावलं म्हणून जास्त टिकत नाही, पुसताना नाकीनऊ येतात फक्त.

सिरॅमिक म्हणजे सिलिकाचा पातळ थर, पेंटला चिकटतो, नीट केलेला दोन-तीन वर्षं जातो. पाणी गोळा होऊन घसरतं, धूळ कमी धरते, धुणं सोपं होतं, याच्यासाठी घ्यावा. रेघा अजिबात येणार नाहीत, खडा लागला तरी काही होणार नाही, हे ऐकून घेऊ नये. ते "नाइन एच" जे सांगतात ती शाळेतल्या एचबी पेन्सिलीचीच मोजपट्टी आहे, पेन्सिलीनं ओरखडा काढून बघायची, हिऱ्याशी संबंध नाही. अन् सिरॅमिकच्या खाली ज्या रेघा राहिल्या त्या कोंडल्या गेल्या, नंतर काढायच्या तर कोटिंगसकट पॉलिश करावं लागतं. घरी करायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, बंद जागेत, कारण उन्हाळ्यात ते पॅनलवर मिनिटभरात उडतं अन् पुसायच्या आत डाग धरतं, पावसाळ्यात लाईट लावला की पाकोळ्या येऊन त्यातच चिकटतात. आयपीएनं म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पॅनल पुसा, दोन बाय दोन फुटाचा भाग, उभं-आडवं लावा, इंद्रधनुष्यासारखी झाक आली की पुसा, तिरक्या टॉर्चनं राहिलेलं बघा. चोवीस तास पाणी नाही, आठवडाभर शाम्पू नाही.

पीपीएफ म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, टीपीयू नावाच्या लवचिक प्लॅस्टिकची, १५०-२०० मायक्रॉन, खडी अन् काटे खरोखर अडवणारी एकच गोष्ट. बारीक रेघा उन्हाच्या गरमीनं आपोआप भरतात. अख्ख्या गाडीला लाखाच्या घरात जातं, म्हणून मी म्हणतो समोरचा बंपर, बोनेट, आरसे अन् दाराच्या कडा एवढंच करा. शेत असणाऱ्यांनी मात्र दारांना पण करा, पांदीत दोन्हीकडून वेड्या बाभळी आलेल्या असतात, गाडी घातली की किर्रर्र असा आवाज येतो तो काळजावरून जातो. पीव्हीसीची स्वस्त फिल्म घेऊ नका, आपल्या उन्हात पिवळी पडते. फिल्म आधी, सिरॅमिक तिच्यावरून.

रोजचं

सकाळी उठून कोरडं फडकं मारायचं बंद. वॉचमनला, ड्रायव्हरला, सासऱ्यांना सांगा, आपल्याकडं माणूस गप्पा मारता मारता खांद्यावरची दस्ती काढून बोनेट पुसून देतो, प्रेमानंच देतो. गल्लीतली पोरं धुळीवर बोटानं नावं लिहितात ती पण रेघच असते, मी डिकीवर एका पोराचं नाव अजून वागवतोय. रोज कव्हर घालत असाल तर धुळीच्या गाडीवर घालू नका, वाऱ्यानं कव्हर हलतं अन् सँडपेपर होतं.

लिंबाखाली सावली छान पण खाली डिंक अन् वर पाखरं. पाखराची विष्ठा आम्ल असते, अन् उन्हात तापून फुगलेला क्लिअर रात्री तिच्याभोवती आखडतो, म्हणून ठसा उमटतो. दिसली की त्याच दिवशी ओला टिश्यू पाच मिनिटं ठेवा अन् उचला, घासू नका. यासाठी गाडीत रिन्सलेसची छोटी स्प्रे बाटली अन् दोन मायक्रोफायबर कायम ठेवा. समृद्धीवरून रात्री आलात तर बंपरवर किड्यांचा सडा असतो, त्यालाही हेच, दुसऱ्या दिवशीचं ऊन लागायच्या आत. डांबराचे ठिपके टार रिमूव्हरनं, नखानं नाही. रंगपंचमीच्या आदल्या दिवशी सीलंटचा एक हात मारा अन् गाडी गपगुमान आत लावा. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉलीमागं चिकटून चालवू नका, उसाची टोकं बाहेर आलेली असतात.

अन् खडी लागून टवका उडालाच, उडणारच, तर दाराच्या खांबावरच्या किंवा बोनेटखालच्या स्टिकरवरून रंगाचा कोड बघा अन् त्या कोडची टच-अप बाटली मागवा. खड्डा आयपीएनं साफ करा, बाटलीचा ब्रश जाड असतो म्हणून टूथपिकच्या टोकानं थेंब सोडा, काठोकाठ नाही, निम्मा. तासाभरानं परत एक थेंब. दुसऱ्या दिवशी वरून क्लिअरचा एक, अन् दोन-तीन दिवस तिथं पाणी लागू देऊ नका.